अक्काच्या छातीतलं बटण

अक्का, तू कॅन्सरनं गेली नाहीस.

हे तुला कुणी सांगितलं नसणार. तुझ्या दारात माणसं येऊन बसली, उठून गेली आणि जाताना प्रत्येक जण तेच म्हणाला, कॅन्सरनं नेलं बिचारीला. पहिले दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि तुझ्या चुलतसासऱ्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, कॅन्सर बरा झाला होता, अक्का जंतूंनी गेली आणि ते जंतू माणसांनी तिच्या रक्तात घातले. सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. दाजी उठून जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दत्ता, आता गप बस." मी बसलो. त्याला दोन महिने झाले, राग तसाच आहे. आज लिहून काढतोय. तू असतीस तर मला एवढं एकदमात बोलूच दिलं नसतंस. मध्येच म्हणाली असतीस, "बास झालं, च्या पी."

राग तुझ्यावरही आहे. तो मी लपवणार नाही.

आपलं गाव फलटणकडचं, पाटाच्या पाण्याचं. उसात लपाछपी खेळून मोठी झालेली तू, आणि तुला दिली जत तालुक्यात, उघड्या माळावर. पहिल्या माहेरपणाला आलीस ती पिशवी घरात टाकून थेट पाटावर गेलीस आणि पाण्यात पाय सोडून बसलीस. मी शेजारी येऊन बसलो, तर म्हणालीस की तिकडं टँकर आला की हातातली भाकरी ठेवून पळावं लागतं. एखादी बातमी सांगावी तसं सांगितलंस. रडली नाहीस. पुढं त्याच माळावर तू आणि दाजींनी मुरूम फोडून डाळिंबाची बाग उभी केलीत. मी सुट्टीवर यायचो तेव्हा तू मला घरात बसू द्यायची नाहीस. आधी बाग दाखवायचीस, झाड न् झाड.

मी फौजेत गेलो तो तुझ्यामुळं. पहिल्या भरतीत पळण्यात बाद झालो आणि घरात तोंड लपवून बसलो होतो. तू रेखाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली होतीस. आई ओरडत होती, बाळंतीण बाई वाऱ्यात कशाला जाते म्हणून. तू ऐकलं नाहीस. तीन महिन्यांची रेखा कमरेवर, हातात दाजींचं घड्याळ, अशी रोज सकाळी पाटाच्या भरावावर उभी राहून तू मला पळवलंस. दमून थांबलो की तू नुसतं घड्याळ पुढं करायचीस. दुसऱ्या भरतीत मी निघालो. मेडिकलला गेलो, नर्सिंग असिस्टंट झालो. जखमा धुणं, सुया टोचणं, आणि त्याच्याआधी हात धुणं, हेच माझं आयुष्य झालं. निवृत्त होऊन माधवनगरला घर घेतलं, तिथल्याच एका छोट्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम धरलं. म्हणजे जी गोष्ट न पाळल्यानं तू गेलीस, तीच गोष्ट मी तुझ्या जिवावर शिकलो होतो. हे मला गिळता येत नाही.

तुझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा तू मला फोनवर सांगितलंस, आणि पुढच्याच वाक्यात विचारलंस की छाटणी उरकून आले तर चालंल का. ऑपरेशन सांगलीला झालं. मग केमो सुरू झाल्या. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई लावायची नसते, त्यामुळं एकटा उजवा हात उरला. दोन केमोतच त्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या. तिसऱ्या वेळी सिस्टरनं चार ठिकाणी टोचलं आणि तू भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस. मग डॉक्टरांनी पोर्ट बसवायचं ठरवलं. उजव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी, तिला जोडलेली बारीक नळी, आणि नळीचं टोक पार हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. औषध द्यायचं तर कातडीवरून त्या डबीत सुई घालायची. शिरा शोधायला नकोत.

तू त्याला बटण म्हणायचीस. मला विचारलंस, "हे आत गंजलं तर?" मी हसलो. सांगितलं की गंजत नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेव. ह्या बटणातून जे आत जाईल ते थेट काळजापाशी जातं. औषध गेलं तर औषध, घाण गेली तर घाण. मी तुझ्यासाठी एका कार्डावर लिहून काढलं. पोर्टची टोकाला वाकडी सुई असते, तीच वापरायची, साधी सुई कधीच नाही, साधी सुई आतल्या रबराचा तुकडा पाडते. निर्जंतुक हातमोजे, मास्क, कातडी औषधानं पुसून वाळू द्यायची. सांगलीच्या सिस्टरशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि शंभराच्या वर ताप चढला किंवा हुडहुडी भरली, तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगली. तू ते कार्ड उलटं करून मागच्या बाजूला तेच कानडीत लिहिलंस. तुमच्या भागात दोन्ही लागतं म्हणालीस, मी बेशुद्ध पडले तर वाचणारा कोण असंल सांगता येतं का.

इतकं कळत होतं तुला. म्हणून तर राग येतो.

केमो संपल्या. रेडिएशनचा शेकही संपला. स्कॅन स्वच्छ आला त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या दारात सगळ्यांना पेढे न वाटता डाळिंबं वाटलीस. डॉक्टर म्हणाले, पोर्ट अजून काही महिने राहू दे, परत गरज लागली तर उपयोगी पडेल, फक्त महिन्याला एकदा येऊन धुऊन घ्यायचं, म्हणजे नळीत रक्त गोठत नाही. घरी जाताना हातात एक कागद दिला. सगळा इंग्रजीत. त्यात पोर्टबद्दल एक ओळ, 'पोर्ट केअर ॲज ॲडव्हाइज्ड'. सांगितल्याप्रमाणं काळजी घ्यावी. कुणी सांगितल्याप्रमाणं, काय सांगितल्याप्रमाणं, जतमध्ये बसलेल्या बाईनं कुणाला विचारायचं, त्याचा पत्ता नाही. मी त्या वेळी तो कागद वाचला आणि काही बोललो नाही. मी आहे की, असं वाटलं.

तू दर महिन्याला यायचीस. पहाटेच्या एसटीनं निघायचीस, सांगली स्टँडवर मी उभा असायचो, हॉस्पिटलात रांगेत दोन-अडीच तास, मग ते काम, मग माझ्या घरी जेवण, आणि दुपारची गाडी. एका सुईसाठी अख्खा दिवस. पाचव्या खेपेला बागेत माल तोडणीला आला होता. व्यापारी दारात, मजूर मिळत नव्हते. माझ्या स्वयंपाकघरात ताटावर बसल्या बसल्या तू म्हणालीस, "पुढच्या टायमाला तूच ये जतला. सुई घेऊन ये. एवढंसं तर काम हाय."

मी नाही म्हणालो. म्हणालो, हे घरात करायचं काम नाही. तू हसत म्हणालीस की फौजेत झाडाखाली टाके घातलेस म्हणतोस आणि माझ्या घरात तुला जागा सापडंना का. तिथं मी थांबायला हवं होतं. पण मी शिकवायला लागलो. घरातली हवा, घरातली धूळ, घरातले हात, सगळं बोललो. तुझा चेहरा बदलला.

"म्हणजे माझं घर घाण हाय?"

मी म्हणालो, तसं नाही. पण तोवर तू पेटली होतीस. "तेल्या रोग पडलेल्या झाडाची कात्री मी दुसऱ्या झाडाला लावू देत न्हाई. दर झाडाला औषधात बुडवाय लावते. गडी वैतागत्यात, पर एक झाड सोडत न्हाई. आन् तू मला जंतू शिकवतोस?" आणि मी, शहाणा, तुला म्हणालो की झाड मेलं तर दुसरं लावता येतं.

तू ताटावरून उठलीस. हात धुतलेस, पिशवी घेतलीस. दारात म्हणालीस, "तुझे नियम तुझ्यापाशी ठेव. जीव माझा हाय." मी स्टँडवर सोडायला आलो नाही. तुला वाटलं असेल मी येईन. मला वाटलं तू मागं वळशील. त्यानंतर सव्वा महिना आपण एकमेकांशी बोललो नाही. अख्ख्या आयुष्यात इतके दिवस कधी गेले नव्हते. सरहद्दीवर असताना सुद्धा नाही.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं दाजींकडून, थोडं रेखाकडून. महिना भरला तसं तू तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरकडं गेलीस. त्यानं पोर्ट धुऊन दिलं. अशक्तपणा होता म्हणून वर ताकदीचं सलाईनही लावलं, त्याच बटणातून, कारण हाताची शीर सापडली नाही. मोटरसायकलवर दाजींच्या मागं बसून घरी येताना तुला हुडहुडी भरली. इतकी की दाजींना गाडी थांबवून तुला झाडाखाली बसवावं लागलं. घरी आल्यावर ताप. डॉक्टरला फोन केला तर म्हणाला, सलाईनचं रिॲक्शन असतं कधी कधी, गोळी घ्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तुला वाटलं गेलं. दाजींना वाटलं गेलं. चार दिवसांनी अंगात त्राण नाही म्हणून पुन्हा सलाईन, पुन्हा त्याच बटणातून, आणि तासाभरात पुन्हा हुडहुडी.

अक्का, बटणातून औषध गेल्यावर तासाभरात अंग थडथडायला लागलं, तर ते बटणच ओरडत असतं. नळीच्या आत जंतूंचा थर बसलेला असतो आणि सलाईनच्या जोरानं ते रक्तात सुटतात. हे मी त्या कार्डावर लिहिलं होतं, एकाच ओळीत, हुडहुडी भरली तर सांगली. कार्ड तुझ्या मोबाईलच्या कव्हरात होतं. त्या दुसऱ्या हुडहुडीनंतर तिसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, दत्ताला फोन लावतो. तू म्हणालीस, लावू नका, परत शिस्त शिकवील.

हे दाजींनी मला तुझ्या मातीनंतर सांगितलं. तेव्हापासून रोज ते वाक्य मी ऐकतो.

शेवटी रेखानं पुण्याहून मला फोन केला. सकाळचे आठ वाजले असतील. ती म्हणाली, मामा, आई फोनवर नीट बोलत नाही, एकच शब्द दोनदा बोलते. मी शेजाऱ्याला गाडी काढायला लावली आणि निघालो. पोचलो तर तू आतल्या खोलीत, उन्हाळ्याच्या दिवसांत दोन वाकळा पांघरून पडलेली. हात बर्फासारखे, कपाळ तव्यासारखं. नाडी मोजली आणि मोजायची सोडून दिली. बटणावरची कातडी बघितली. लाल नव्हती, सुजलेली नव्हती, पू नव्हता. दाजी म्हणाले, "वरनं तर काय दिसत न्हाई रं." तिथंच तर सगळे फसले. वरून काही दिसत नाही म्हणजे आत काही नाही, असं डॉक्टरही समजला, दाजीही समजले, तूही.

मी तुला उचलून गाडीत ठेवलं. किती हलकी झाली होतीस. मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या मांडीवर, शेजारी तुझे पाय मांडीवर घेऊन दाजी, पुढं माझा शेजारी गाडी चालवत होता. अर्ध्या वाटेत तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडं बघितलंस. त्या वेळी मी तुला काय म्हणालो ते तुला आठवत नसेल, तर बरं होईल. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं."

तू डोळे मिटलेस. "व्हय," म्हणालीस. "सांगितलं हुतंस." थोड्या वेळानं पाणी मागितलंस. दोन घोट प्यालीस. त्यानंतर माझ्याशी बोललेला एकही शब्द मला आठवत नाही, कारण तू बोललीच नाहीस.

आपल्या दोघांमधलं माझं शेवटचं वाक्य ते. तीस वर्षं आजारी माणसांच्या उशाशी काढलेल्या माणसाचं.

हॉस्पिटलात त्यांनी जे करायचं ते नीट केलं. हे मी मान्य करतो. पोर्टमधलं रक्त आणि हातातलं रक्त वेगवेगळ्या बाटल्यांत तपासायला घेतलं, मगच अँटिबायोटिक सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पोर्ट काढून टाकलं. मी सिस्टरला विनंती करून ते बघायला मागितलं. ट्रेमध्ये ठेवलं होतं, रुपयाएवढं. वरच्या रबराला भोकं होती, साध्या जाड सुईनं पाडलेली, आणि एका जागी रबर पार उचकटलेलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. दोन्ही बाटल्यांत एकच जंतू, पोर्टच्या बाटलीत तर कितीतरी आधी वाढलेला, म्हणजे घाण तिथूनच सुटली होती. तोवर तुझ्या किडन्या बसल्या होत्या. चौथ्या दिवशी मशिनवर घेतलं. सातव्या दिवशी सकाळी रेखा बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता बाकड्यावर बसली. मला कळलं.

तेरावं व्हायच्या आधी मी त्या डॉक्टरकडं गेलो. दाजींना सांगितलं नाही. मला एक नालायक माणूस हवा होता, अक्का. ज्याची गचांडी धरता येईल असा. तिथं एक चाळिशीचा, दमलेला माणूस बसला होता, बाहेर वीस पेशंट. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, तुमची सुई दाखवा. त्यानं साधीच सुई दाखवली. टेबलावरच्या ट्रेमध्ये पोर्ट धुवायच्या औषधाची बाटली होती, सील फोडलेली, बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली, म्हणजे दर वेळी नवी खोचायला नको. शेजारी स्टीलच्या डब्यात स्पिरिटमध्ये बुडवलेले कापसाचे बोळे, त्यात कंपाऊंडरची बोटं दिवसभर जातात. मी एकेक गोष्ट उचलून त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला की त्यानं आधी पोर्टचा पेशंट कधी बघितला नव्हता, मोबाईलवर व्हिडिओ बघून केलं. मी विचारलं, येत नव्हतं तर नाही का म्हणाला नाहीत. तो खाली बसला. मग म्हणाला, "मी नाहीच म्हणत होतो. त्या म्हणाल्या, माझा भाऊ मिलिटरीत हेच करतो, काही होत नाही."

तू माझं नाव घेऊन त्याला तयार केलंस. माझ्याशी बोलत नव्हतीस आणि माझ्याच नावावर त्याच्याकडून सुई टोचून घेतलीस. मला तुझा इतका राग आला की मी सरळ बाहेर पडलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. लोक बघून जात होते.

मी तक्रार करणार होतो. अर्जही लिहिला. दाजींनी वाचला आणि परत दिला. म्हणाले, सुट्टीच्या दिवशी आख्ख्या भागात एकटा त्योच दार उघडतो, त्याला बंद करून बाकीच्यांनी कुठं जायचं? मी म्हणालो, मग असंच चालू द्यायचं? ते म्हणाले, तसं मी कुठं म्हणतोय. आमचं त्यावर अजून ठरलेलं नाही. अर्ज माझ्या कपाटात आहे. सांगलीच्या डॉक्टरांनाही मी जाऊन विचारलं, की बाईच्या छातीत यंत्र बसवून तिला घरी पाठवता, तर तिला वाचता येईल असा एक कागद का देत नाही, तिच्या तालुक्यात हे कुणाला येतं याची चौकशी का करत नाही. ते म्हणाले, तुम्ही बरोबर असायचात, आम्हाला वाटलं तुम्ही बघाल. सगळे शेवटी माझ्यापाशी येऊन थांबतात, अक्का. आणि मला खोटं बोलता येत नाही, कारण ते बरोबर आहेत.

तेराव्याच्या दिवशी शेजारच्या गावातली महादेवी आली. तुला ती केमोच्या वॉर्डात भेटली होती. कानडी हेलात मराठी बोलणारी, तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. दाजींना भेटली, रेखाला जवळ घेऊन रडली, आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. पदराआड हात नेऊन गळ्याखाली ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, मलाबी हाय हे. उद्या धुवायला जायचंय. अक्कांनी सांगितलंय, सांगलीपर्यंत जायला नको, हितं जवळच हुतंय म्हणून." आणि त्याच डॉक्टरचं नाव घेतलं.

हुडहुडी भरायच्या आधी, त्या पहिल्या दिवशी, तू आनंदानं तिला फोन केला असशील. तुझा एक दिवस वाचला, तिचाही वाचावा म्हणून. तुझी माया सुद्धा अशी, की एका माणसाला घेऊन गेली असती. मी महादेवीला सांगितलं की तिथं जाऊ नको. ती का म्हणाली. मी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिचा हात गळ्यावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगलीला नेलं.

परतीच्या एसटीत तिनं मला विचारलं, "अक्कांचं तुमी घरी का न्हाई केलं? तुमाला तर येतंय."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिला उत्तर दिलं नाही. तुला देतो.

आपलं भांडण व्हायच्या महिनाभर आधी मी हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की घरी करता येतं. मोठ्या शहरांत नर्स घरी जाऊन करतात. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, सीलबंद सामान लागतं, आणि तुम्ही जुने माणूस आहात, आमच्यासमोर दोन-तीनदा करून दाखवा, मग खुशाल करा. मी तुला हे सांगितलं नाही. अक्का, नियम आडवा येत नव्हता. मी भीत होतो. परक्या जवानाला सुई टोचताना माझा हात कधी हलला नाही, पण तुझ्या काळजाकडं जाणाऱ्या नळीत माझ्या हातून काही गेलं तर, ह्या विचारानं मला घाम फुटायचा. आणि अजून एक. निवृत्तीनंतर सगळ्यांचं दत्ता ये, दत्ता जा ऐकून मी कंटाळलो होतो. दर महिन्याचा एक दिवस तुझा जात होता तोवर चालत होतं. तो माझा जाणार म्हटल्यावर मला नियम आठवले. तुझ्या घराला मी घाण ठरवलं ते ह्यासाठी.

बाकी सगळ्यांवर मी ओरडलो. हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

मोठ्या सिस्टरकडं गेलो. त्यांच्यासमोर चार पेशंटांचं केलं. डॉक्टरांनी महादेवीसाठी चिठ्ठी दिली. काय करायचं, काय करायचं नाही, ताप आला तर कुठं यायचं, ते मी मराठीत लिहून दिलं, त्यांनी छापून घेतलं, आता पोर्टवाल्या प्रत्येकाला देतात. सिस्टर म्हणाल्या, हे आधीच व्हायला हवं होतं. मी म्हणालो, होय.

आज सकाळी महादेवीच्या घरी गेलो होतो. पत्र्याच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत पंखा बंद करून, दार लावून तिला पाटावर भिंतीला टेकवून बसवलं, तोंड बाजूला वळवायला सांगितलं. कोपरापर्यंत हात धुतले. मास्क, हातमोजे, कातडी पुसून वाळायची वाट बघितली. वाकडी सुई आत गेली, रक्त परत आलं, औषध सरळ गेलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.

त्यानंतर मी निघालो नाही. हुडहुडी भरते की काय म्हणून तासभर तिच्या ओसरीवर घड्याळ बघत बसलो. तिनं चहा केला. मी दोनदा थर्मामीटर लावला. ती हसली. तास झाला तशी ती उठून सुपात ज्वारी घेऊन बसली, म्हणजे तिच्या लेखी माझं काम संपलं होतं.

तिथं बसल्या बसल्या मी मोजत होतो. तुझे उपचार संपल्यापासून तू होतीस तोवर मी तुझ्या घरी किती वेळा आलो. फक्त एकदा आलो, अक्का. तुला उचलून न्यायला.